पेल्याने मोजलेला युरोप

शिवाजी पेठेत आमच्या घरमालकांविषयी पुष्कळ गोष्टी सांगितल्या जातात. त्यांतल्या ज्या गोष्टींत मी आहे, तेवढ्या सगळ्या चुकीच्या आहेत. ज्यांत मी नाही, त्यांच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. त्या खऱ्याही असतील.

तालमीच्या कट्ट्यावर असे सांगतात, की एका गवळ्याने भरसभेत उभे राहून अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकाला "सर, तुमी कधी धार काढलाय का?" असे विचारले आणि प्राध्यापकाची दातखीळ बसली. तो गवळी म्हणजे आमचे घरमालक आणि तो प्राध्यापक म्हणजे मी. माझी दातखीळ बसली, हे विधान मला ओळखणारा एकही माणूस मान्य करणार नाही. माझ्या वर्गात झोपणाऱ्यांची संख्या मोठी होती, हे मी कबूल करतो. परंतु शिक्षक गप्प बसतो अशी तक्रार एकाही विद्यार्थ्याने कधी केलेली नाही. त्या सभेत प्रत्यक्षात काय घडले, ते मी सांगणार आहे. ते दातखीळ बसण्यापेक्षा बरेच वाईट होते.

निवृत्तीनंतर मी माझे जुने घर पाडून नवे बांधायला काढले. भांडवल, श्रम आणि कालावधी यांचा परस्परसंबंध हा विषय आयुष्यभर शिकवलेला असल्यामुळे आठ महिन्यांत घर उभे राहील, असे गणित मी स्वतःच मांडले होते. चार वर्षे लागली. ती चार वर्षे मी पेठेतल्या एका माडीवर भाड्याने राहिलो. माडीवर मी आणि माझी पुस्तके. खाली गोठा आणि गोठ्यात चार म्हशी. म्हशींचे आणि माडीचे मालक एकच. सत्तरी ओलांडलेले, काटक, डोक्याला कायम पंचा गुंडाळलेले. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणे. सकाळचे दूध ते घरोघर घालीत. संध्याकाळी म्हशी चौकातल्या कट्ट्याजवळ नेऊन बांधीत आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढून देत. कोल्हापुरात हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. बाहेरच्यांसाठी लिहितो, की येथे माणसे चहाला जावे तशी धारोष्ण दूध प्यायला जातात.

आबांच्या कट्ट्यावर एक कडक नियम होता. पेला हातात आला की बोलायचे नाही. एका दमात संपवायचा आणि मग काय बोलायचे ते बोलायचे. कोणी पेला धरून गप्पा मारू लागला, की आबा म्हशीच्या पोटाखालून ओरडत, "ओ पावणं! दूध प्यायला आलाय का भाषणाला?" दुसरा पेला मागणाऱ्यालाही ते सहसा देत नसत. "एक पेला भूक, दुसरा पेला हाव," असे म्हणून म्हशीचे दावे सोडीत. माल खपत असताना विक्री थांबवणारा विक्रेता मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात पाहिलेला नाही.

मी त्या काळात एक ग्रंथ लिहीत होतो: 'युरोपीय देशांतील दुग्धोत्पादनावर परिणाम करणारे आर्थिक घटक'. हाच विषय का, असे मला अनेकांनी विचारले. मी युरोप पाहिलेला नाही आणि जनावराच्या पाच हातांच्या आत जात नाही. संशोधकाला तटस्थता लागते, ती माझ्याजवळ भरपूर होती.

लिहिलेला मजकूर मोठ्याने वाचून पाहण्याची मला सवय आहे. माडीची जमीन फळ्यांची होती. त्यामुळे माझा ग्रंथ प्रकाशित होण्यापूर्वी गोठ्यात पोहोचत असे. एका सकाळी आबा जिन्याखालून म्हणाले, "सर, त्या डेन्मार्कात शेण कोण उचलतंय?"

मी सांगितले, की तेथे मजुरी फार महाग असल्यामुळे ही कामे यंत्रे करतात.

"आन यंत्राचं कर्ज?"

"ते शेतकऱ्याच्या डोक्यावर."

"म्हंजे शेण यंत्र उचलतंय आन यंत्राला शेतकरी उचलतोय," आबा म्हणाले आणि वैरण टाकायला गेले. श्रमखर्च आणि भांडवली खर्च यांच्यावर मी एकोणीस पाने लिहिली होती. मी ती तशीच ठेवली. पाने कमी करणे माझ्या स्वभावात नाही.

तेव्हापासून रोज सकाळी विचारणा होई, "काय सर, आज कुठल्या देशात?" मी देश सांगायचा आणि आबांनी त्याची उलटतपासणी घ्यायची. पेंड कितीला? वैरण घरची का इकतची? जमीन सवताची का खंडाची? युरोपात दूध ठरल्यापेक्षा जास्त घातले तर पूर्वी दंड बसत असे आणि तो कोटा आता उठला आहे, हे सांगितले तेव्हा त्यांनी हातातली बादली खाली ठेवली.

"जास्त दूध दिलं म्हणून दंड? आन म्हशीला कसं सांगत हुते, बास कर म्हणून?"

"त्यांच्याकडे गाई असतात."

"मग गाई शान्या असतील," ते म्हणाले. "आन कोटा उठल्यावर?"

"काही देशांनी दूध एकदम वाढवले. भाव पडला."

"पडंलच की. पंगतीत वाढप्यानं हात सैल सोडला की जिलबीची किंमत जाती."

पुढे त्यांनी आपल्या म्हशींना देशांची नावे दिली. विनोद म्हणून नव्हे. आबांना विनोद कळत असे, पण म्हशींच्या बाबतीत ते तो करीत नसत. जी बांधावरच्या गवतावर भागवून घेई आणि पेंडीकडे फारशी पाहत नसे, ती आयर्लंड. "आयर्लंड म्हंजे आपली राधानगरीच की ओ सर. पाऊस, गवत, आन त्येवढ्यावर दूध." जिला सगळे विकतचे लागे, पण जी चरवी काठोकाठ भरी, ती हॉलंड. तिसरी डेन्मार्क, ती इतर म्हशी सोबत असल्याशिवाय पान्हा सोडीत नसे. सहकारावरचे माझे प्रकरण त्यांनी नीट ऐकले होते, एवढाच त्याचा अर्थ. चौथी म्हातारी झाली होती, दूध जेमतेम देई. पण अंगाने देखणी, कपाळावर पांढरा चांद. ती स्वित्झर्लंड. डोंगराची शोभा टिकावी म्हणून तिथले सरकार शेतकऱ्याला पैसे देते, हे मी वाचले होते. दिवाळीच्या पाडव्याला आबांनी शिंगे रंगवून चौघींच्या अंगावर ही नावे ठळक अक्षरांत लिहिली आणि त्यांना गल्लीतून पळवले. पुढे मोटरसायकलवर आबा, मागे धुरळा उडवत युरोप. आबांच्या पत्नी दारात उभ्या राहून मला म्हणाल्या, "सर, तुमच्या नादानं ह्येंनी म्हशींचं बारसं केलं. नातवाचं नाव इचारलं तर डोकं खाजीवत्यात."

पण आबांचा एक प्रश्न असा होता, की ज्याचे उत्तर देणे मला आवडत नसे. प्रत्येक देशाच्या शेवटी तो येई. "तिथली पोरं धारंला बसत्यात का?"

ग्रंथात या घटकाला मी दोन ओळी दिल्या होत्या. युरोपात शेतकऱ्यांचे वय वाढत आहे, पुढची पिढी गोठ्यात यायला तयार नाही, छोटे गोठे बंद पडून मोठे गोठे आणखी मोठे होत आहेत. मी हे वाचून दाखवी आणि आबा उलटतपासणी सोडून शेणाची पाटी उचलायला जात.

त्याचे कारण घरातच होते. आबांचा एकुलता मुलगा औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत नोकरीला होता. चांगला मुलगा, पण धारेला बसत नसे. आबांचे गुडघे गेले होते. उकिडवे बसले की उठताना त्यांना म्हशीच्या पाठीचा आधार घ्यावा लागे. पाट किंवा स्टूल घेऊन बसायला ते तयार नव्हते, कारण त्यांच्या मते म्हैस उंचावरून आलेला हात ओळखत नाही. डॉक्टरांनी उकिडवे बसणे बंद करायला सांगितले होते. मुलाचे म्हणणे एवढेच होते, की म्हशी विकाव्यात. आबांचे म्हणणे एवढेच होते, की नाही. हा वाद माझ्या पायाखाली रोज चाले आणि रोज तिथेच थांबे.

एका रविवारी दोघे बापलेक माडीवर आले. आबा माझ्या खुर्चीत बसले. मुलगा दारात उभा राहिला.

"सर," मुलगा म्हणाला, "तुमी एवढ्या देशांचं बघताय. आमच्या चार म्हशींचं बघा. परवडत्यात का न्हाई, कागदावर सांगा. तुमी म्हणाल तसं."

"सर म्हणतील तसं," आबा म्हणाले. "इका म्हणाले तर इकतो."

माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या अर्थशास्त्रावर कोणी काही सोपवले नव्हते. विद्यापीठाने एकदा समितीवर घेतले होते, परंतु त्या समितीची बैठक झाली नाही. आता मात्र एका माणसाच्या म्हशी राहणार की जाणार, हे माझ्या लेखणीवर ठरणार होते. मी हुरळलो. तो शब्द मी विचारपूर्वक वापरत आहे.

मी शास्त्रीय पद्धतीने कामाला लागलो. महिनाभर रोज संध्याकाळी कट्ट्यावर पाच हात अंतर राखून उभा राहिलो आणि कोणत्या म्हशीचे किती पेले निघाले, याच्या वहीत रेघा मारल्या. एका पेल्यात किती मावते, हे घरी पाणी ओतून मोजले होते. सकाळची धार पहाटे निघत असे आणि पहाटे उठणे मला कधीच जमलेले नाही. तेव्हा संध्याकाळचे दूध तेच सकाळचे, असे धरून मी दुप्पट केली. पेंड, वैरण, औषधपाणी वजा केले. उत्तर आले ते पाहून मी स्वतः थक्क झालो. आबांची प्रत्येक म्हैस, स्वित्झर्लंडसुद्धा, युरोपातल्या छोट्या शेतकऱ्याला लाजवील असा नफा देत होती.

योगायोगाने त्याच महिन्यात एका संस्थेच्या सभागृहात माझे व्याख्यान होते. तालमीच्या कट्ट्याची गोष्ट ती हीच. आबा धुतलेले धोतर आणि फेटा घालून पहिल्या रांगेत बसले. मुलाला त्यांनी आग्रहाने आणून मागे बसवले होते. मी आयर्लंडपासून पोलंडपर्यंत सगळे घटक मांडले आणि शेवटी म्हणालो, की आमच्या पेठेतल्या चार म्हशींचा अभ्यास मी केलेला असून, त्या विकण्याचे कोणतेही आर्थिक कारण मला दिसत नाही.

तेव्हा आबा उभे राहिले. धार काढण्याचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. ते म्हणाले, "सर, त्ये शेवटचं परत एकदा म्हना."

मी परत एकदा म्हणालो. आबांनी सबंध वळून मागच्या रांगेत मुलाकडे पाहिले. सभागृह हसले, कशाला हसले ते त्यालाही ठाऊक नसावे. मला वाटले, ही माझ्या विद्वत्तेला मिळालेली दाद आहे. उत्साहाच्या भरात मी ते विधान आणखी चाळीस मिनिटे समजावून सांगितले. दातखीळ बसली असती तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी आबांनी ते पान माझ्याकडून सहीनिशी मागून घेतले, प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणले आणि गोठ्यात खुंटीला टांगले. मुलाने शब्द पाळला. म्हशी राहिल्या.

वर्षभराने माझे घर तयार झाले आणि मी पेठ सोडली. नव्या घराजवळही एक दुधाचा कट्टा होता. चार वर्षे गवळ्याच्या माडीवर राहूनही मी कच्चे दूध कधी प्यायलो नव्हतो. मला त्याचा वास सहन होत नाही. पण एका संध्याकाळी एका परिचितांनी आग्रहाने माझ्या हातात पेला दिला आणि त्याच वेळी साखरेच्या भावाबद्दल एक अत्यंत चुकीचे विधान केले. मी त्याचे खंडन करू लागलो. या कट्ट्यावर बोलायला बंदी नव्हती. मुद्देसूद खंडनाला वेळ लागतो. ते संपवून मी पेल्याकडे पाहिले, तर वरचा फेस बसला होता आणि पेला जवळजवळ अर्धा रिकामा होता.

मी अजून एक घोटही घेतलेला नव्हता.

महिनाभर मी फेस मोजला होता. फेसाची दुप्पट केली होती. फेसाला पेंडीचा खर्च लावून त्यातून नफा काढला होता आणि त्या फेसाने डेन्मार्कला हरवले होते.

रिक्षा करून मी तडक पेठेत गेलो. आबा गोठ्यात वैरण टाकत होते. मी धापा टाकत सांगितले, की माझे आकडे चुकले आहेत. पेल्यात फेस असतो आणि तो मी दूध म्हणून धरला.

आबांनी माझ्याकडे असे पाहिले, की मला वर्गात मी ज्यांच्याकडे तसे पाहिले ते सगळे विद्यार्थी आठवले.

"सर, गवळ्याला फेस शिकवाय आलाय व्हय?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होते?"

"पैल्याच दिवशी. तुमी तिकडं लांब हुबा ऱ्हाऊन रेघा मारत हुता. मी म्हनलं, मारू द्या."

"मग सांगितले का नाही?"

"सांगितलं असतं तर तुमी म्हशी इकाय लावल्या असत्या." त्यांनी आयर्लंडच्या पाठीवरून हात फिरवला. "खरा आकडा मला म्हाईत न्हाई व्हय? दोन परवडत्यात, दोन न्हाईत. कुठल्या दोन, त्ये बी म्हाईत हाय. पर मी सांगून पोरगं ऐकतंय का? तुमच्या कागदाला शिक्का हाय. माझ्या गुडघ्याला न्हाई."

मी म्हणालो, की मी ते पान परत घेणार, मुलाला खरे सांगणार. मी शास्त्राशी प्रतारणा करू शकत नाही.

"कुनाशी?"

"शास्त्राशी."

"त्येला दोन वर्सं थांबाय सांगा," आबा म्हणाले. "तवर मी बसतो धारंला."

मी थांबलो. माझ्या कारकिर्दीत शास्त्राला एवढा वेळ मी याआधीही थांबवले होते, पण तेव्हा आळसापोटी.

आबा दोन नव्हे, तीन वर्षे बसले. मग एकेक म्हैस गेली. आधी हॉलंड, मग डेन्मार्क. स्वित्झर्लंड गोठ्यातच वारली. आयर्लंडला चंदगडकडचा एक शेतकरी घेऊन गेला. तिकडे पाऊस आहे, गवत आहे, तिचे बरे चालेल, असे आबा म्हणाले. त्यानंतर पावसाळा संपायच्या आत आबा गेले.

त्यांच्या दिवसकार्याला मुलगा चार माणसांत म्हणाला, की सरांनी चुकीचे आकडे काढून आबांना म्हशी ठेवायला लावल्या, नाहीतर त्यांचे गुडघे एवढे गेले नसते. हे पेठेत पसरले. मी ते ऐकले आणि मला झोप लागेना. चूक माझी होती, हे मी नाकारत नाही. पण मी आबांना फसवले, असे म्हणणे म्हणजे माझ्यात नसलेली हुशारी माझ्यावर लादणे होय. महिनाभराने मी मुलाला भेटायला गेलो. गोठ्यात आता दोन मोटरसायकली उभ्या होत्या. मी उभ्यानेच सगळे सांगितले: फेस, दुप्पट, रिक्षा, आबांचे बोलणे. म्हणालो, "तुझ्या वडिलांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. त्यांना फसवणारा मी कोण?"

त्याने मला बसायला वेताचा मोडा दिला. मग म्हणाला, "सर, मी ह्याच घरात वाढलोय. कट्ट्यावर पेले मी विसळलेत. फेस मला म्हाईत न्हाई व्हय?"

मी बसलो.

"त्या सभेत तुमी आकडा सांगितला तवाच कळलं. मागं बसून हसू येत हुतं मला."

"मग तू बोलला का नाहीस?"

"आबा वळून माझ्याकडं बघत हुते की. सगळ्या लोकांत. फेटा घालून." तो थोडा वेळ मोटरसायकलच्या हँडलशी खेळला. "त्येंच्या तोंडावर इका म्हणत बसायचा मला बी कट्टाळा आलता. तुमच्या कागदानं माझं काम झालं. मला बी म्हणता आलं, सरांनी सांगितलंय, आता माझा इलाज न्हाई."

"आणि दिवसकार्याला जे बोललास ते?"

"लोक इचारत हुते, पोरगा आसून म्हाताऱ्याला धारंला का बसू दिलं. आबांचं नाव घिऊ का माझं? तुमचं घेतलं." मग घाईघाईने म्हणाला, "राग आला आसंल तर लिवा तुमी खरं. पर नावं घालू नका, येवढं बगा."

नावे घातलेली नाहीत. पेठेत सगळे ओळखतील, त्याला माझा इलाज नाही. तालमीच्या कट्ट्याने मात्र आपली गोष्ट आता दुरुस्त करावी. बापाला लेकाशी भांडायचे नव्हते, लेकाला बापाशी भांडायचे नव्हते, आणि म्हणून दोघांनी मिळून आपल्या घरात एक अर्थतज्ज्ञ ठेवला होता. फक्त भाडे दर महिन्याला तो अर्थतज्ज्ञ भरत होता.